वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरतो, म्हणजे स्मरणशक्ती कमी आहे का?

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका आईने विचारलं आहे: मुलगा पाचवीत, मराठी माध्यमात आहे. ऐकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी बारीकसारीक तपशिलांसह सांगतो, पाढे पाठ आहेत, क्रिकेटचे जुने स्कोअर तोंडावर असतात. पण शिष्यवृत्तीच्या पुस्तकातलं शाब्दिक उदाहरण किंवा परिसर अभ्यासातलं लांबलचक वाक्य आलं की दोनदा वाचूनही ‘काही कळलं नाही’ म्हणतो. वर्गशिक्षिकांचं म्हणणं, त्याची स्मरणशक्ती कमी पडते, शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरतो. घराजवळ स्मरणशक्ती वाढवण्याचा क्लास निघाला आहे, तर तो लावावा का?

ताई, मी पुण्यात स्पीच थेरपिस्ट आहे. लहान मुलांबरोबर काम करते आणि पक्षाघातानंतर बोलणं-समजणं अडखळलेल्या मोठ्या माणसांबरोबरही. क्लासचं उत्तर आधी देते: आत्ता लावू नका. त्याचं कारण मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण ‘स्मरणशक्ती कमी’ हे निदान ऐकायला सोपं असलं, तरी तुम्ही जे वर्णन केलं आहे त्याला ते पुरेसं लागू पडत नाही.

कालची गोष्ट आठवणं, पाढे आठवणं, स्कोअर आठवणं हे दीर्घकालीन स्मृतीचं काम. ती तुमच्या मुलाची उत्तम दिसते. वाक्य वाचताना लागते ती दुसरी, काही सेकंदांपुरती. आम्ही तिला कार्यकारी स्मृती म्हणतो. ही प्रत्येकाचीच लहान असते. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तिची मर्यादा ७ अधिक-उणे २ गोष्टी अशी मांडली होती. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये सगळा पुरावा पुन्हा तपासून ती साधारण ४ वर आणली. आता विचार करा, तुम्ही-आम्ही वीस-वीस शब्दांची वाक्यं सहज समजून घेतो. चारच गोष्टी मावणाऱ्या जागेत वीस शब्द कसे राहतात? ते राहतच नाहीत. दोन-तीन शब्द आले की मन त्यांचा एक अर्थ बांधतं आणि शब्द सोडून देतं. हातातलं सामान ओट्यावर ठेवलं की पुढचं उचलायला हात मोकळे होतात, तसं.

याचा एक सुंदर पुरावा जॅकलिन सॅक्स यांच्या १९६७ च्या प्रयोगात आहे. त्यांनी लोकांना दुर्बिणीच्या शोधाबद्दलचा एक उतारा ऐकवला आणि मध्येच थांबवून आधीचं एक वाक्य पुन्हा ऐकवलं, कधी जसंच्या तसं, कधी थोडं बदलून. थोडा मजकूर मध्ये जाऊन गेला, की वाक्याची नुसती रचना बदललेली लोकांच्या लक्षात येईना. अर्थ बदलला असेल तर मात्र बहुतेकांना ते कळे. म्हणजे शब्द विसरणं हा समजण्याच्या प्रक्रियेचाच भाग आहे. तुमचा मुलगा सुरुवातीचे शब्द विसरतो, ते आपण सगळेच विसरतो. त्याची अडचण एक पायरी आधी आहे: शब्द विरून जायच्या आत त्यांचा अर्थ बांधून झालेला नसतो. म्हणून मुलाला विचारायचा प्रश्न ‘किती लक्षात राहिलं?’ हा नको. ‘कुठपर्यंत कळत होतं आणि कुठे सुटलं?’ असं विचारा.

आणि ते कुठे सुटतं, हे वाक्याच्या बांधणीवर फार अवलंबून असतं. हे वाक्य वाचा: ‘सकाळी उठलो, दात घासले, दूध प्यायलो, दप्तर भरलं, बूट घातले आणि पळत जाऊन बस पकडली.’ पंधरा शब्द आहेत, पण पहिलीतल्या मुलालाही कळेल. प्रत्येक स्वल्पविरामाशी एक क्रियापद आहे, तिथे तो तुकडा पुरा होतो. आता हे पाहा: ‘आजीने आईला बाबांनी मला सायकल आणायला सांगितल्याचं कळवलं.’ शब्द आधीच्यापेक्षा कमी आहेत. पण आजी, आई, बाबा आणि मी अशी चार माणसं एकामागोमाग येऊन उभी राहतात आणि कोणी काय केलं हे सांगणारं एकही क्रियापद तोवर आलेलं नसतं. चारांची जागा तिथेच भरली. मोठ्या माणसांनाही हे वाक्य एकदा मागे जाऊन वाचावं लागतं.

इथे आणखी एक गंमत दिसते आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. जवळजवळ तीच बांधणी ठेवून वाक्य जरा बदलू: ‘आजीने आईला मांजराने दूध सांडल्याचं सांगितलं.’ हे लगेच कळलं ना? रचना जवळजवळ तीच, क्रियापदं तशीच शेवटी. मोठा फरक हा, की ‘सांगितलं’ हे क्रियापद आल्यावर मन ‘कोणी?’ असं शोधायला मागे जातं तेव्हा तिथे सांगू शकणारी एकटी आजी असते, मांजर सांगत नाही. आधीच्या वाक्यात ‘सांगितल्याचं’ आल्यावर मागे पाहिलं तर आजीने आणि बाबांनी असे दोन तुल्यबळ उमेदवार उभे, दोघांनाही तृतीयेचाच प्रत्यय, दोघंही सांगू शकणारे. मन गोंधळतं. रिचर्ड लुईस आणि श्रवण वसिष्ठ यांनी २००५ मध्ये याचं तपशीलवार प्रारूप मांडलं. वाक्य समजताना मन खुणांवरून मागचं शोधून काढतं, आणि सारख्या खुणांच्या दोन गोष्टी असल्या की चुकीची हाती लागते किंवा वेळ जातो, असं ते प्रारूप सांगतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये मी हे वारंवार पाहते. लांबीने अडतात त्याहून जास्त मुलं सारखेपणाने अडतात. एका वाक्यात दोन मुली, दोन रकमा, दोनदा ‘दिले’ असं आलं की घसरगुंडी सुरू.

लांबीबद्दलचा गैरसमज दूर करणारी एक गोष्ट आपल्या शेजारच्या भाषेतून मिळाली आहे. वसिष्ठ यांनी हिंदी वाक्यांवर केलेल्या प्रयोगांमध्ये असं दिसलं, की क्रियापदाच्या आधी काही शब्द जास्त घातल्यावर वाचकाचं क्रियापदाशी अडखळणं काही वेळा वाढण्याऐवजी कमी होतं. आधीचे शब्द पुढे काय येणार याची तयारी करून देतात. मराठीतही क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे मला ते अगदी ओळखीचं वाटतं. ‘जर’ आला की कान ‘तर’ची वाट पाहायला लागतो. ‘ज्या मुलीला’ म्हटलं की ‘ती’ किंवा ‘तिला’ येणार हे ठरलेलं. त्यामुळे ‘ज्या मुलीला पाहुण्यांनी बक्षीस दिलं, तिच्या भावाला ताप आला आहे’ हे वाक्य मुलांना बरं जातं. तेच पुस्तकी वळणाने ‘पाहुण्यांनी बक्षीस दिलेल्या मुलीच्या भावाला ताप आला आहे’ असं लिहिलं की एखादं मूल ताप मुलीला आला म्हणतं, एखादं थेट पाहुण्यांना. घरी बोलताना आपण ‘-लेल्या’ची अशी साखळी क्वचितच करतो. पाचवीपासून पुस्तकांत ती एकदम वाढते. तुमच्या मुलाची अडचण नेमकी पाचवीत वर आली, याचं एक कारण हे असू शकतं.

मग स्मृतीचा काहीच संबंध नाही का? आहे, पण विशिष्ट ठिकाणी. ज्युसेप्पे वल्लार आणि अ‍ॅलन बॅडली यांनी १९८४ मध्ये इटलीतल्या एका स्त्री रुग्णाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूतल्या आघातानंतर तिला ऐकलेले दोन-तीनच अंक परत सांगता येत. तरीही रोजची वाक्यं तिला बहुतेक सगळी कळत. ती अडे ती लांब वाक्यांत, तेही जिथे शब्दांचा नेमका क्रम धरून ठेवल्याशिवाय अर्थ लागत नाही तिथे. माझ्या पक्षाघाताच्या रुग्णांमध्येही असं दिसतं. अंकांची चाचणी फार वाईट, पण घरातलं बोलणं समजतं, आणि बँकेचा अर्ज हातात दिला की हरवतात. म्हणून ‘अंक उलटे सांग’ अशा चाचणीत मूल मागे पडलं, एवढ्यावरून त्याला वाक्यं का कळत नाहीत ते सिद्ध होत नाही.

आता तुमच्या मुलाचं. त्याला न पाहता मी ठामपणे काही सांगू शकत नाही, पण घरच्या घरी तीन गोष्टी करून पाहिल्या तर बरंच स्पष्ट होईल.

पहिली: त्याला अडलेलं वाक्य तुम्ही वाचून दाखवा, अर्थाप्रमाणे थांबत, घाई न करता. ऐकून कळलं आणि स्वतः वाचून कळलं नाही, तर दोष समजण्यात नाही, वाचनाच्या वेगात आहे. बॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखवलं, की आपण साधारण दोन सेकंदांत जेवढे शब्द उच्चारू शकतो तेवढेच आवाजाच्या रूपात मनात घोळत राहतात. जो मुलगा ‘पर्जन्यमानाच्या’ किंवा ‘स्थलांतरित’ यांसारख्या शब्दाचं जोडाक्षर सोडवण्यात चार सेकंद घालवतो, त्याच्या मागचे शब्द तोवर गेलेले असतात. अशा मुलाला जोडाक्षरांचा आणि मोठ्याने वाचण्याचा सराव हवा, दुसरं काही नको.

दुसरी: तोच मजकूर तोडून लिहा. उदाहरणार्थ, ‘रमाने आपल्याजवळच्या १२० रुपयांपैकी दुकानदाराला दिलेल्या ४५ रुपयांतून परत मिळालेले ५ रुपये भावाला दिले, तर तिच्याजवळ किती रुपये उरले?’ हे गणित एका कागदावर. दुसऱ्या कागदावर: ‘रमाजवळ १२० रुपये होते. तिने दुकानदाराला ४५ रुपये दिले. दुकानदाराने तिला ५ रुपये परत केले. ते ५ रुपये तिने भावाला दिले. आता तिच्याजवळ किती रुपये आहेत?’ उत्तर दोन्हीकडे ७५. दोन्ही कागद एकाच दिवशी देऊ नका, मध्ये काही दिवस जाऊ द्या. पहिल्या रूपात बरीच मुलं ७० म्हणतात: ‘दिलेल्या’ आणि ‘दिले’ दोन्ही वजा करतात आणि ‘परत मिळालेले’ मधल्यामध्ये हरवतं. दुसऱ्या रूपात तुमच्या मुलाचं उत्तर बरोबर आलं, तर त्याचं गणित ठीक आहे. त्याला ‘-लेल्या’, ‘पैकी’, ‘-तून’, ‘खेरीज’, ‘ऐवजी’ या छोट्या शब्दांची आणि प्रत्ययांची सवय नाही. मात्र एक लक्षात घ्या: तोडलेल्या रूपात घटना घडल्या त्याच क्रमाने येतात, त्यामुळे गणितही थोडं सोपं होतं. म्हणून एकाच उदाहरणावरून निष्कर्ष काढू नका, वेगवेगळी चार-पाच करून पाहा.

तिसरी: त्याला ज्याची भरपूर माहिती आहे अशा विषयावरचं तितकंच लांब वाक्य द्या. त्याला क्रिकेट आवडतं, तर वर्तमानपत्रातलं सामन्याचं वर्णन द्या. डोना रेश्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा एक उतारा वाचायला दिला होता. वाचनात कच्ची, पण बेसबॉल जाणणारी मुलं, चांगलं वाचणाऱ्या पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. याहीआधी, १९७२ मध्ये, ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन यांनी कपडे धुण्याचं वर्णन मुद्दाम मोघम शब्दांत लिहून लोकांना ऐकवलं. विषय आधी सांगितला तर ते नीट कळलं आणि लक्षातही राहिलं. विषय नंतर सांगितल्यावर काही उपयोग झाला नाही.

हा मुद्दा मी पालकांना पालखीच्या उताऱ्यावरून पटवते. ‘आळंदीहून निघालेली माउलींची पालखी पुण्यातला मुक्काम आटोपून दिवे घाट चढत सासवडला पोचते, तर देहूहून आलेली तुकोबांची पालखी लोणी काळभोरच्या वाटेने पुढे जाते.’ भवानी पेठेत किंवा नाना पेठेत वाढलेल्या मुलाने दोन्ही पालख्यांचे मुक्काम दरवर्षी पाहिलेले असतात. त्याच्या डोळ्यांसमोर दोन पालख्या आणि दोन वाटा आधीच आहेत. वाक्यातल्या शब्दांना बसायला तयार जागा मिळते. नुकतंच दुसऱ्या राज्यातून आलेलं, पण मराठी नीट बोलणारं मूल याच वाक्यात कोणती पालखी कुठून कुठे जाते यात अडकतं. दोघांच्या कार्यकारी स्मृतीत फरक असेलच असं नाही. एकाची दीर्घकालीन स्मृती त्याच्या छोट्या स्मृतीचा भार उचलते, इतकंच. तुमचा मुलगा क्रिकेटचं लांब वाक्य सहज समजला आणि मृदेची धूप वाचताना अडला, तर त्याला धडा वाचण्याआधी त्या विषयाच्या गप्पा हव्यात. पावसाळ्यात खडकवासल्याला घेऊन जा, गढूळ पाणी कुठून येतं ते दाखवा, मग धडा उघडा.

या तिन्हींतून जे निघेल त्यावर उपाय ठरेल, पण दोन सवयी मी बहुतेक सगळ्याच मुलांना लावते. एक, पेन्सिल घेऊन आधी शेवटचं क्रियापद अधोरेखित करायचं, मग ‘कोणी?’, ‘कोणाला?’, ‘काय?’ असं विचारत मागे यायचं. मराठी वाक्याची किल्ली शेवटी असते, त्यामुळे हे फार उपयोगी पडतं. मधल्या प्रत्येक ‘-लेला’, ‘-णारा’लाही तोच प्रश्न: कोणी दिलेला, कोणी आणलेला? दुसरी सवय उलट बाजूची. त्याला तीन छोटी वाक्यं द्या आणि त्यांचं एक लांब वाक्य करायला सांगा. ‘मुलाने पतंग आणला. पतंग फाटला. बहिणीने तो चिकटवला.’ याचं ‘मुलाने आणलेला फाटका पतंग बहिणीने चिकटवला’ असं तो स्वतः करायला लागला, की दुसऱ्याने केलेली जोडणी त्याला उकलता येते. मुलं जी रचना स्वतः वापरतात ती वाचताना त्यांना सुटी सुटी सांभाळावी लागत नाही, ती एक तुकडा म्हणून येते. चारच्या जागेत मग बरंच मावतं. पाढ्यांनी हिशेब सोपा होतो त्याचंही हेच कारण, म्हणून पाठांतराला मी कधी नावं ठेवत नाही.

याच्या जोडीला रात्री झोपताना त्याच्या पातळीपेक्षा किंचित वरचं पुस्तक तुम्ही वाचून दाखवा. पाचवीतल्या मुलाला आता काय वाचून दाखवायचं, असं अनेकांना वाटतं. पण लिखित मराठीची लांब वळणं कानावर पडण्याची घरातली दुसरी संधी जवळजवळ नसतेच. वाचताना अर्थाच्या जागी थांबा. तो थांबा मुलाला सांगतो, की इथे एक तुकडा पुरा झाला.

क्लासला मी नको का म्हटलं ते आता लक्षात येईल. मोनिका मेल्बी-लेर्वोग आणि चार्ल्स ह्यूम यांनी २०१३ मध्ये कार्यकारी स्मृतीच्या प्रशिक्षणावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. मुलं ज्या प्रकारच्या खेळांचा सराव करतात त्यांत काही काळ सुधारतात, पण ती सुधारणा वाचनात किंवा गणितात उतरल्याचा पटण्यासारखा पुरावा त्यांना मिळाला नाही. पत्त्यांचा क्रम किंवा तीस वस्तूंची यादी लक्षात ठेवायला शिकलेला मुलगा ‘-पैकी’ आणि ‘-लेल्या’ सोडवायला त्यामुळे शिकत नाही. तो वेळ आणि ते पैसे पुस्तकांवर, भटकंतीवर आणि मोठ्याने वाचण्यावर खर्च करा.

काही परिस्थितींत मात्र घरच्या उपायांवर थांबू नका. वाचून दाखवलेलं साधं, एकाच क्रियापदाचं वाक्यही कळत नसेल, ‘कपाटातला निळा टॉवेल खुर्चीवर ठेव आणि मग दार लाव’ अशा सूचनेतला नेहमी एकच भाग होत असेल, तो उशिरा बोलायला लागला असेल, अजूनही लिंग-वचनाच्या चुका वयाच्या मानाने जास्त असतील, किंवा घरात कोणाला वाचनाची अडचण असेल, तर तपासणी करून घ्या. तपासणी आधी कानांची. वारंवार सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साचणाऱ्या मुलांना ऐकू येतं, पण प्रत्ययांसारखे हलके उच्चार निसटतात, आणि वर्गात ते दुर्लक्ष म्हणून दिसतं. धनकवडीला भारती विद्यापीठाच्या आवारात वाक्-श्रवण शास्त्राचं महाविद्यालय आहे, ते तुमच्या भागाला जवळ पडेल. खासगी स्पीच थेरपिस्टही चालतील, फक्त मुलाची तपासणी मराठीतच होईल याची आधी खात्री करा. इंग्रजी चाचणीचे शब्दशः मराठी केलेले प्रश्न वाक्यरचनेबद्दल काहीही विश्वासार्ह सांगत नाहीत. जाताना त्याच्या वह्या, शिष्यवृत्तीचं पुस्तक आणि घरी केलेल्या तिन्ही प्रयोगांचे कागद बरोबर न्या. त्यावर तो कुठे थांबला, काय उत्तर दिलं, ते त्याच्याच शब्दांत लिहिलेलं असू द्या. नुसत्या गुणांपेक्षा चुकीच्या उत्तरांवरून आम्हाला कितीतरी जास्त कळतं.